दोन्ही टोकं उघडी

"ताई, तू कशाला उठलीस? पड की अजून जरा," हेमू म्हणाला आणि हातातली मोठी नायलॉनची पिशवी त्यानं पाठीमागं नेली.

"चहा टाकायला उठले. काय आहे त्यात?"

"नानांची पुस्तकं. ऑर्डरी आहेत."

"आजही?"

"रोज असतात थोड्या. नाना गेले म्हणून लोक वाचायचे थांबतात का?"

उत्तर बरोबर होतं. इतकं बरोबर उत्तर हेमूकडून मी कधी ऐकलं नव्हतं. त्यानं पिशवी स्कूटरच्या पुढच्या जागेत दोन पायांच्या मध्ये दाबून बसवली आणि चहासाठी न थांबता निघून गेला.

नानांना जाऊन तेव्हा महिनाही झाला नव्हता. आई त्यांच्याआधीच गेली होती. मी पुण्याहून रजा टाकून मालणगावला आले होते आणि मासिक श्राद्ध होईपर्यंत राहणार होते. पुण्यात घरी वाट बघणारं कुणी नव्हतं. माझ्या धाकट्या भावाच्या, हेमंतच्या संसारात मी पाहुणी होते, आणि तो व त्याची बायको वृषाली दोघंही माझ्याशी पाहुणीसारखंच वागत होते. फार नीट.

नाना, म्हणजे रामचंद्र घोलप, गावच्या वाचनालयाचे ग्रंथपाल होते. सगळं गाव त्यांना घोलपसर म्हणायचं. निवृत्त झाल्यावर घरातली जुनी पुस्तकं आणि दिवाळी अंक ते इंटरनेटवर विकायला लागले. हेमूनंच त्यांना ते दुकान काढून दिलं होतं. पुडकी जायची बुक पोस्टानं. छापील पुस्तकांना टपालखातं स्वस्त दर लावतं आणि त्याच्या बदल्यात एक अट घालतं: पुडकं चिकटवायचं नाही. सुतळीनं बांधायचं आणि दोन्ही टोकं उघडी ठेवायची, म्हणजे पोस्टातल्या कुणालाही सुतळी सोडून आत पुस्तकच आहे ना, हे बघता यावं. नाना त्याच्याही पुढं जायचे. खिडकीशी गेले की स्वतःच एखादं पुडकं सोडायचे आणि म्हणायचे, "बघा मॅडम." पोस्टमास्तर माळी मॅडम कंटाळून म्हणायच्या, "सर, ठाऊक आहे हो मला." तरी ते दाखवायचेच, आणि मग तिथंच उभं राहून पुन्हा बांधायचे. मागं रांग खोळंबायची. मी एकदा त्या रांगेत त्यांच्या शेजारी उभी होते आणि मला लाज वाटली होती.

हेमू गेल्यावर मी नानांच्या खोलीत गेले. तोवर मी तिथं जायचं टाळत होते. खोलीत उदाचा धूर भरून राहिला होता. खिडक्या सताड उघड्या होत्या.

"एवढा धूर कशाला, वृषाली?"

"नानांसाठी, वन्सं," ती दारातूनच म्हणाली. "रोज लावते."

नानांना उदाचा धूर सोसायचा नाही. त्यांना खोकला लागायचा. तेरा वर्षं या घरात असलेल्या सुनेला हे ठाऊक नसणं शक्य नव्हतं.

मला वाटलं होतं ते साधं होतं. हेमूचं झेरॉक्सचं दुकान बसलं होतं, हे मला माहीत होतं. नानांची चांगली, दुर्मिळ पुस्तकं तो मला न विचारता विकतोय, असा माझा अंदाज होता आणि कोणती गेली ते बघावं म्हणून मी फडताळं उघडली. नानांची एक सवय होती, वाचनालयातली. फडताळातून पुस्तक बाहेर काढलं की त्या जागी ते उभा पुठ्ठा ठेवायचे. पुस्तक परत येईपर्यंत पुठ्ठा जागा धरून राहायचा. विकलेल्या पुस्तकाच्या जागीही ते पुठ्ठाच ठेवायचे. ते आता परत येणार नाही, हे मी म्हटलं की म्हणायचे, "असू दे. कुणीतरी गेलंय हे कळलं पाहिजे."

मी सगळी फडताळं पाहिली. पुठ्ठे अगदी मोजके निघाले. एकही दुर्मिळ पुस्तक हललेलं नव्हतं. दिवाळी अंक इतके दाटीवाटीनं बसले होते की मध्ये बोट शिरत नव्हतं, आणि त्यांच्या डोक्यावरची धूळ एकसारखी होती.

मला आधी बरं वाटलं. मग ते बरं वाटणं ओसरलं. हेमू रोज पिशवीभर पुडकी घेऊन जात होता आणि घरातून एकही पुस्तक जात नव्हतं. नाना असतानाचेही पुठ्ठे इतके थोडे कसे, असा प्रश्न मनात आला होता. तो मी हेमूवरच ढकलला. यानं काढून टाकले असतील, म्हटलं.

जेवताना मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "आज काय काय गेलं रे?"

"दिवाळी अंक."

"कुठले?"

"अगं… जुने. साठ-बासष्ट सालचे असतील."

"कुठं गेले?"

"एक अमरावतीला. एक तिकडं, बीडला." त्यानं भाकरीचा तुकडा मोडला आणि तो तसाच ताटात ठेवला. "का गं?"

"नानांना आवडलं असतं, म्हणून विचारलं."

वृषालीनं त्याच्याकडं पाहिलं. मी भाजी वाढून घेतली.

दुसऱ्या दिवशी नानांच्या खोलीला कुलूप होतं.

"उंदीर झालेत," हेमू म्हणाला.

"उंदीर कुलपानं अडतात?"

"तू ना ताई, मास्तरणीसारखी उलटतपासणी घेतेस," तो हसला. "औषध ठेवलंय आत. तुझा हात लागायला नको."

त्या सकाळी नानांच्या बचत खात्याचं निमित्त काढून मी पोस्टात गेले. माळी मॅडमनी मला आत बोलावून खुर्ची दिली. त्यांच्या टेबलावर नानांनी दिलेलं एक पुस्तक होतं. कडेला चहाचे डाग पडले होते.

"वाचते मी अजून, हळूहळू," त्या म्हणाल्या. "सर विचारायचे ना, कुठवर आलं म्हणून. आता कुणी विचारत नाही, तर उलट वेग वाढलाय बघा."

मग खात्याचं बोलून झालं. मी उठणार तेवढ्यात त्या म्हणाल्या, "सर गेले तरी बुक पोस्ट मात्र जोरात आहे हं तुमचं."

"हेमू आणतो ना?"

"तेच आणायचे की. सर शेवटचं वर्षभर आलेच कुठं? गुडघे दुखतात म्हणायचे हेमंत." त्यांनी आवाज खाली घेतला. "बरं झालं तुम्ही भेटलात. वरून तपासणी येणार आहे. लोक इंटरनेटवर माल विकतात आणि बुक पोस्टाच्या दरात काय वाट्टेल ते पाठवतात. साबण म्हणू नका, खेळणी म्हणू नका. एकानं तर बरण्या पाठवल्या होत्या, लोणच्याच्या. फुटल्या म्हणून कळलं. साहेब येऊन कुठलंही पुडकं सोडून बघणार."

"आमचीसुद्धा?"

"बघू देत की! तुमच्यात काय निघणार? मी तर तुमची सोडतसुद्धा नाही. घोलपसरांचं नाव असलं की वजन केलं आणि शिक्का मारला." त्या हसल्या. "जुन्या पुस्तकांचा वासच वेगळा असतो ना? कातडी बांधणीचा. पिशवी आली की लगेच कळतं मला."

आमच्या घरात कातडी बांधणीचं एकही पुस्तक नव्हतं.

खिडकीमागच्या टोपलीत कालची दोन पुडकी होती. मी उभी राहिले तशी ती मला दिसली. वर ठळक अक्षरांत 'बुक पोस्ट' लिहिलं होतं. खाली पाठवणाऱ्याचं नाव: रा. गो. घोलप, निवृत्त ग्रंथपाल, मालणगाव. मेलेला माणूस रोज टपाल पाठवत होता आणि ही बाई त्याच्या नावावर विश्वास ठेवून शिक्के मारत होती. साहेबानं त्यातलं एक सोडलं तर नानांचं नाव जाणार होतंच, पण न बघता घेतलं म्हणून माळी मॅडमच्या नोकरीवरही गदा येणार होती.

घरी हेमूला विचारता आलं असतं. पण त्यानं काहीतरी सांगितलं असतं, वृषालीनं मान हलवली असती आणि भांडण नको म्हणून मी ते मान्य केलं असतं. आमच्या घराची रीत मला माहीत होती.

पुढच्या सकाळी तो पिशवी घेऊन निघाला तेव्हा मी चपला घालून दारात तयार होते.

"मलाही पोस्टात यायचंय. सही राहिलीय."

"मी विचारून येतो ना."

"माझी सही तू करणार?"

वृषाली ओट्यापाशी भांडी घासत होती. तिचा हात थांबल्याचं मला ऐकू आलं.

मी मागं बसले. मारुतीच्या देवळाच्या वळणावर मी म्हटलं, "हेमू, जरा बाजूला घे गाडी."

त्यानं घेतली.

"तुला मला काही सांगायचंय का?"

"कशाबद्दल?"

"कशाहीबद्दल."

तो समोरच्या आरशात बघत होता. आरशात मी होते. "नाही," तो म्हणाला आणि गाडी पुढं काढली.

पोस्टात चार-पाच माणसं होती. हेमूनं पुडकी खिडकीवर मांडली. माळी मॅडमनी मला पाहून मान डोलावली आणि पहिलं पुडकं काट्यावर ठेवलं.

"मॅडम, थांबा," मी म्हटलं. "नाना एक सोडून दाखवायचे ना नेहमी? आज मी दाखवते."

"अहो, कशाला ताई…"

"त्यांची आठवण म्हणून."

मी पुडकं ओढलं. हेमूचा हात माझ्या हातावर आला. "ताई, नको," तो एवढंच म्हणाला, आणि तेही फार हळू. मी सुतळीचं टोक ओढलं. गाठ सुटली. आत वर्तमानपत्र होतं. ते उलगडलं आणि कातड्याचा, तेलाचा वास आला.

चपला होत्या. करकरीत नव्या, लाल गोंड्याच्या, तळव्याला तळवा लावून ठेवलेल्या. एकीचं टोक इकडं, दुसरीचं तिकडं, म्हणजे पुडकं बरोबर जाडजूड पुस्तकाएवढं होत होतं.

रांगेतला एक म्हातारा पुढं वाकला. "आयला! हे वाचायचं की घालायचं?"

"घालून वाचायचं, आबा," मागचा कुणीतरी म्हणाला. दोघं-तिघं हसले.

माळी मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला. "दुसरं सोड," त्या हेमूला म्हणाल्या. इतके दिवस त्या त्याला अहो-जाहो करत होत्या.

त्यानं सोडलं. मग तिसरं. सगळी सोडली. सगळ्यांत चपलाच होत्या. शेवटी खिडकीवर चपलांचा ढीग आणि सुतळ्यांचा गुंता झाला. मागच्या माणसांचं हसणं थांबलं. देवळाबाहेर आल्यासारखं वाटतंय, असं कुणीतरी पुटपुटलं, पण त्याला साथ मिळाली नाही.

"मी तुझी पुडकी कधी उघडली नाहीत," माळी मॅडम म्हणाल्या. "का नाही उघडली, माहितीये ना?"

"माहितीये."

"मला हे वर लिहून द्यावं लागेल, हेमंत. मी नाही लिहिलं तर तपासणीत मीच अडकेन. दंड होईल. आणखी काय होईल ते साहेब ठरवतील." त्यांनी कोरा कागद ओढला. "एकच विचारते आणि खरं सांग. हे सर असताना सुरू झालं की सर गेल्यावर?"

हेमूनं माझ्याकडं पाहिलं. लहानपणी काच फुटली की तो असाच आधी माझ्याकडं बघायचा, मी सांगते का हे ताडायला. मी काहीच सांगू शकत नव्हते. मला काही माहीत नव्हतं.

"गेल्यावर," तो म्हणाला. "नानांना काही ठाऊक नव्हतं. त्यांचं नाव मी वापरलं."

"रांग संपू दे. मग जबाब लिहिते. बाहेर थांबा."

आम्ही पोस्टाच्या पायरीवर जाऊन बसलो. चपलांची पिशवी त्याच्या मांडीवर होती. मला सगळं कळलं होतं. उद कशासाठी, कुलूप कशासाठी. वृषालीच्या माहेरी चपलांचे कारागीर होते. तिथून माल येत असणार आणि पार्सलाच्या दरात पाठवला तर हातात काही उरत नसणार. हे मला त्यानं सांगायची गरज नव्हती. मला राग आला होता तो निराळ्याच गोष्टीचा, आणि तो मी फार मूर्खपणे बोलून दाखवला.

"फसवायचंच होतं तर नीट तरी फसवायचंस. वर एक पुस्तक ठेवलं असतंस, एखादं फाटकं, तर मी सोडल्यावरही कुणाला कळलं नसतं. शाळेतल्या पोरालाही सुचेल. तेवढीही अक्कल नाही तुला."

"ठेवलं होतं," हेमू म्हणाला.

"काय?"

"पहिल्या खेपेला ठेवलं होतं. वर पुस्तक, खाली चपला. नानांनी काढायला लावलं."

रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला.

"कधी?"

"झालं की वर्ष. पुस्तकं कुणी घेत नव्हतं, ताई. सहा-सहा महिन्यांत एक ऑर्डर यायची. माझं दुकान बसलेलं. मी एकदा त्यांच्या खोलीत बसून पुडकी बांधत होतो आणि ते उठून आले. मला वाटलं, आता घराबाहेर काढतात. ते उभे राहिले, बघत. मग म्हणाले, तुझी गाठ सैल बसते, इकडं आण." त्यानं पिशवीचे बंद बोटाला गुंडाळले. "त्यानंतर बांधायचे तेच. पोस्टात मात्र पुन्हा पाऊल टाकलं नाही त्यांनी."

"खोटं बोलतोयस."

"बरं."

"मेलेल्या माणसावर ढकलतोयस. आत एक सांगितलंस, बाहेर एक सांगतोयस."

"आत काय सांगायला पाहिजे होतं?"

मी त्याच्या चेहऱ्याकडं बघत राहिले. कालपासून, परवापासून मी त्याचा प्रत्येक शब्द उलटा करून बघत होते आणि आता हा शब्दही बघत होते. नानांनी, ज्यांनी आयुष्यात वाचनालयाची टाचणी घरी आणली नाही, त्यांनी?

"पुस्तक काढायला लावलं म्हणालास," मी म्हटलं. "काय म्हणाले? नेमकं काय म्हणाले ते सांग."

हेमू थोडा वेळ आठवत राहिला. नक्कल करायची त्याला कधीच येत नव्हती आणि आताही त्यानं आवाज बदलला नाही.

"म्हणाले, हेमू, चपलेला पुस्तक लावायचं नाही. खोटं बोलायचं तर आपण दोघं बोलू. त्याला साक्षीला उभं करू नकोस."

मी पायरीवरच्या सिमेंटकडं बघत बसले. माझ्या भावाला मी चाळीस वर्षं ओळखत होते. त्यानं मराठीतलं एक पुस्तक सलग वाचलं नव्हतं. हे वाक्य त्याला सुचणं शक्य नव्हतं. नाना जाऊन इतके दिवस झाले होते, भेटायला येणारा प्रत्येकजण त्यांच्याविषयी बोलून गेला होता, आणि त्यांचा आवाज मला तिथं पहिल्यांदा ऐकू आला.

"मग आत का नाही सांगितलंस?"

"त्या बाईंना?" हेमू म्हणाला. "त्यांच्या टेबलावर नानांचं पुस्तक आहे, ताई."

"गाव तुला काय म्हणेल, कळतंय का? बापाचा महिना व्हायच्या आत त्याच्या नावावर चपला विकल्या."

"म्हणू दे."

गाव तसंच म्हणालं. आजही म्हणतं. मालणगावात हेमूचा विषय निघाला की कुणीतरी ते वाक्य बोलतंच, आणि वर जोडतं, सर किती सरळ होते आणि पोरगा बघा.

"घोलप!" आतून हाक आली.

रांग संपली होती. माळी मॅडमनी जबाब लिहून ठेवला होता. त्यांनी तो मोठ्यानं वाचून दाखवला. वडिलांच्या निधनानंतर, त्यांच्या नकळत, त्यांच्या नावाचा वापर करून. हेमूनं सही केली.

"आणि साक्षीदार म्हणून तुम्ही करा ताई, घरच्याच आहात," माळी मॅडम म्हणाल्या आणि कागद माझ्याकडं फिरवला. "तुम्हीच उघडकीला आणलंत. सरांना बरं वाटलं असतं."

"कुठं करू?"

"इथं, त्याच्या खाली."

हेमू खिडकीबाहेर बघत होता. मी पेन घेतलं आणि उज्ज्वला लिहिलं.

"मधलं नाव पूर्ण लिहा हं," माळी मॅडम म्हणाल्या. "नुसतं अक्षर चालत नाही."

मी ते पूर्ण लिहिलं. रामचंद्र.